परसातले तळे: नव्या माशांची निगा आणि नातेवाईक

परसातल्या तळ्यात नव्याने सोडलेला मासा पहिल्या महिन्यात दगावतो तो बहुतेक वेळा रोगाने नाही, पाण्याने. आणि पाण्याने दगावला म्हटले, तरी त्या पाण्याच्या काठावर कोणीतरी भाकरीचा तुकडा हातात घेऊन उभे असतेच. म्हणून नव्या माशांच्या निगेत दोन गोष्टी येतात: तळ्यातले पाणी आणि काठावरची माणसे. पाणी मोजता येते, निवळता येते, बदलता येते. दुसऱ्या घटकाबाबत शास्त्र अजून बाल्यावस्थेत आहे.

नंदुरबार जिल्ह्यात परसातली तळी दोन जातींची आढळतात. पहिली सिमेंटची. हा बहुधा गुरांचा जुना हौद असतो. गुरे विकली जातात, हौद विकता येत नाही. दुसरी जात कागदाची. शेततळ्याला आतून लावायच्या जाड प्लास्टिकला शेतकरी 'कागद' म्हणतात, आणि २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आल्यापासून हा कागद गावोगाव ओळखीचा झाला. शेततळे झाले की कागदाचा एक तुकडा उरतो. तो वाया जाऊ नये म्हणून परसात खड्डा खणला जातो, खड्डा दिसतो म्हणून त्यात पाणी सोडले जाते, पाण्यात डास होतात म्हणून मासे आणले जातात. माशांची आवड या साखळीत सर्वांत शेवटी येते, आणि काही घरांत येतच नाही.

तळे कोणतेही असो, त्यात पाणी किती मावते हे आधी माहीत हवे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि अडीच फूट खोल तळ्यात दीडशे घनफूट, म्हणजे सुमारे ४,२०० लिटर पाणी बसते. माशांची संख्या, मीठ, औषध हे सगळे या आकड्यावर ठरते. तळेमालकाला हा आकडा विचारला तर "बरंच आहे" असे उत्तर मिळते. औषधाच्या बाटलीवर 'बरंच' या मापाचा डोस दिलेला नसतो. खोली अडीच फुटांपेक्षा कमी असू नये, कारण इथला मे महिना पारा चाळिशीच्या बराच वर नेतो आणि वीतभर पाण्याच्या तळ्यात मासे पाळण्याऐवजी शिजवण्याची सोय होते.

नव्या सिमेंटचा हौद असेल तर त्यातून चुना पाण्यात उतरत राहतो आणि पाण्याचा पीएच अकराच्या आसपास जाऊ शकतो. माशाला सात ते साडेआठ मानवतो. अशा हौदात पहिल्या दिवशी सोडलेला मासा चुन्याच्या निवळीत पडलेला असतो, आणि चुना पानाला लावण्यापुरताच बरा. हौद भरावा, चार दिवसांनी रिकामा करावा, पुन्हा भरावा; दोन-तीन आठवडे हेच. त्यात केळीचे खोड टाकून ठेवण्याची पद्धतही बऱ्याच ठिकाणी आहे, आणि शहादा-तळोद्याकडे केळीच्या खोडांना तोटा नाही. मात्र खरे काम खोडापेक्षा वारंवार बदललेले पाणी करते. खोडाचा मोठा उपयोग असा की हौदात काहीतरी पडलेले दिसते, आणि घरातली मुले "मासे कधी?" हा प्रश्न दिवसातून चार वेळाऐवजी दोनच वेळा विचारतात.

पाणी नळाचे असेल तर त्यात क्लोरीन असतो. गावाकडे त्या पावडरीला 'टीसीएल' म्हणतात आणि ती टाकणारा हात कधी सढळ पडतो, कधी आखडता. माणसाला हगवणीपासून वाचवणारी ही पावडर माशाचे कल्ले जाळते. पाणी दोन दिवस उघड्यावर, उन्हात ठेवले तर साधा क्लोरीन उडून जातो. तेवढा धीर नसेल तर सोडियम थायोसल्फेट वापरावे. माशांच्या दुकानात ते 'अँटीक्लोरीन' या नावाने थेंबांच्या बाटलीत मिळते. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण प्राणवायूही फारसा नसतो, आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. ते पाईपने सरळ तळाशी सोडू नये. पाईपच्या तोंडाला झारी बांधून उंचावरून पाडावे, म्हणजे वाटेत हवा खाऊन ते खाली येते. बोअरचे पाणी जड असते म्हणून बायका डाळ शिजत नाही अशी तक्रार करतात. माशांची त्याबाबत तक्रार नसते, उलट जड पाण्यात पीएच कमी हेलकावे खातो.

नवा मासा टप्प्याटप्प्याने मोठ्या पाण्यात न्यावा, हे तत्त्व फार जुने आहे. शतपथ ब्राह्मणातल्या कथेत मनू हात धूत असताना एक छोटा मासा त्याच्या ओंजळीत येतो आणि स्वतःच्या निगेच्या सूचना स्वतःच देतो: आधी मडक्यात ठेव, मडके पुरेनासे झाले की खड्डा खणून त्यात ठेव, मग समुद्रात ने. कारणही सांगतो, की लहान माशाला मोठा मासा गिळतो. मत्स्यपालनाच्या वाङ्मयातला हा बहुधा सर्वांत सुस्पष्ट ग्राहक आहे. त्यानंतरच्या माशांनी तोंड उघडझाप करण्यापलीकडे काही सांगितलेले नाही, आणि त्या उघडझापीचा अर्थ लावताना माणसांनी काय गोंधळ घातला ते पुढे येईल.

शोभेचे मासे, म्हणजे गोल्डफिश, कोई आणि त्यांचे लहानसहान नातेवाईक, नंदुरबारला मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळ असल्यामुळे तिकडून आणणे सोयीचे पडते. रेल्वेचा मार्ग सरळ आहे. वाटेत नवापूर स्थानक येते, जिथे फलाटावरचे एक बाक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. दारूबंदीच्या गुजरातेत द्रवपदार्थ घेऊन शिरणाऱ्याकडे संशयाने बघतात. तिकडून फुगलेल्या पारदर्शक पिशव्या मांडीवर घेऊन येणाऱ्याकडे मात्र सगळा डबा कौतुकाने बघतो. धोका इथेच असतो. दुकानदाराने पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून तोंड रबराने घट्ट बांधलेले असते. व्यारा स्थानक गेले की शेजारचा प्रवासी म्हणतो, "गुदमरत असतील हो, जरा हवा तर द्या." नवापूरला गाडी थांबते तेव्हा पिशवी उघडली जाते, शुद्ध प्राणवायू गुजरात-महाराष्ट्र सीमेवर मोकळा होतो, आणि डब्यातली साधी हवा पिशवीत भरून ती पुन्हा बांधली जाते. पिशवी घरी पोहोचेपर्यंत उघडायची नसते, दाखवायला तर मुळीच नाही. ती कापडात किंवा थर्माकोलच्या खोक्यात अंधारात ठेवली की मासे शांत राहतात. प्रवासाच्या आदल्या दिवशी त्यांना खायला दिलेले नसावे, कारण खाल्लेले बाहेर पडते आणि पिशवीला खिडकी नसते.

मासे आणायचा काळ दिवाळीनंतरचा. तेव्हा पाणी निवलेले असते, त्यात प्राणवायू जास्त राहतो आणि नव्या जिवाला रुळायला चार महिने मिळतात. काठी गावची राजवाडी होळी पेटली की त्या वर्षाची खरेदी संपली असे धरावे. प्रत्यक्षात मासे मे महिन्यात आणले जातात, कारण मुलांना सुट्टी मे महिन्यात असते.

पिशवी घरी आल्यावरचा पहिला तास सर्वांत महत्त्वाचा, आणि याच तासाला सगळी आळी परसात जमते. पिशवी बंद अवस्थेतच तळ्यावर पंधरा ते तीस मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे आतले आणि बाहेरचे तापमान एक होते. सावलीत ठेवावी, उन्हात तरंगणारी बंद पिशवी तळ्यापेक्षा फार लवकर तापते आणि हेतूच उलटतो. प्रवास तासाभराचा असेल तर त्यानंतर पिशवीत थोडे थोडे तळ्याचे पाणी घालत जावे. सुरतेहून काही तासांचा प्रवास झाला असेल तर मात्र नियम वेगळा, आणि तो जाणत्यांनाही चकवतो. बंद पिशवीत माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो. त्यामुळे तिथे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. पीएच सातवरून आठवर गेला तर विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून लांबून आलेल्या पिशवीत तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडत बसू नये. तापमान जुळले की तोंड उघडावे आणि मासे ओंजळीने किंवा जाळीने उचलून लगेच चांगल्या पाण्यात सोडावेत. पिशवीतले पाणी तळ्यात ओतू नये. "चांगलं पाणी आहे, कशाला फेकता" असे म्हणणारे एक ज्येष्ठ गृहस्थ प्रत्येक परसात असतात. त्यांना ते पाणी तुळशीला घालायला द्यावे.

हे चांगले पाणी म्हणजे तळे नव्हे. तळ्यात आधीचे मासे असतील तर नव्यांना दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत किंवा मोठ्या टपात ठेवावे लागते. २०२० नंतर विलगीकरण हा शब्द मराठीत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नवापूरकरांना तर तो त्याच्याही आधी कळला होता, कारण फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला अधिकृत बर्ड फ्लू तिथल्याच कोंबड्यांत निघाला. शब्द माहीत असूनही माशांचे विलगीकरण दोन दिवसांत मोडते. टप न्हाणीघरात ठेवलेला असतो, तिसऱ्या दिवशी कोणाला तरी चादरी भिजवायच्या असतात, आणि मासे नीट दिसतात हे बघून त्यांना तळ्यात धाडले जाते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगातला मासाही सुरुवातीला असाच नीट दिसतो.

तळे अगदी नवे असेल आणि हेच पहिले मासे असतील तर विलगीकरणाचा प्रश्न नसतो, पण त्याहून मोठा प्रश्न असतो. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. जुन्या तळ्यात दगडांवर, भिंतींवर, गाळणीत जिवाणूंचा थर असतो. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट, आणि नायट्रेट वनस्पती खातात. नव्या, स्वच्छ, चकचकीत तळ्यात यातले कोणीच नसते. जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस मासे स्वतःच्याच सांडपाण्यात राहतात. पाणी दिसायला आरशासारखे असते. त्याच पाण्यात मासे एकेक करून उताणे होतात, आणि मग दुकानदाराला, पाण्याला, शेवटी नजर लावणाऱ्या पाहुण्यांना दोष दिला जातो. उपाय कंटाळवाणे आहेत. ४,२०० लिटरच्या तळ्यात पहिल्या खेपेला चार-पाच छोटे मासे पुरेत. दुसरी खेप महिन्याने आणावी. कोणाचे निरोगी जुने तळे माहीत असेल तर तिथले मूठभर दगड गोणपाटात बांधून आणावेत आणि ओले असतानाच पाण्यात टाकावेत, म्हणजे जिवाणूंचे विरजण लागते. दर आठवड्याला दहा-वीस टक्के पाणी बदलावे.

या जिवाणूंचा वार्षिक संहार दिवाळीत होतो. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी घर झाडताना कोणाची तरी नजर तळ्यावर जाते. पाणी पूर्ण उपसले जाते, भिंतींचे शेवाळ काथ्याने घासले जाते, गाळणीतला स्पंज ब्लिचिंग पावडरमध्ये भिजवून पांढराशुभ्र केला जातो, दगड धुऊन उन्हात वाळवले जातात. मासे तोवर बादलीत असतात. संध्याकाळी त्यांना नव्या पाण्यात सोडले जाते, काठावर पणत्या लागतात, आणि तीन वर्षांचे जुने मासे एका दिवसात पुन्हा 'नवीन' होतात. भाऊबीजेपर्यंत एखादा जातो. गाळणी धुवायचीच असेल तर तळ्याच्याच उपसलेल्या पाण्यात हलक्या हाताने खळबळावी, तीही थोडी मळकट राहू द्यावी. स्वच्छतेची इतकी मोठी किंमत मोजणारा पाळीव प्राणी दुसरा नसेल.

खाण्याचा विषय निघाला की काठावरचा घटक पुढे सरसावतो. आलेल्या माशाला पहिला दिवस, हवे तर दोन दिवस, काहीही द्यायचे नसते. नंतर दिवसातून एकदा-दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच दाणे. गोल्डफिश, कोई, रोहू, कटला हे सगळे ज्या कुळातले आहेत त्या कुळाला जठरच नसते. आतड्याची एक लांब नळी असते. भरपेट जेवण साठवायला जागा नाही, म्हणून जादा गेलेले तसेच बाहेर येते आणि तळाशी कुजते. हे खानदेशात समजावून सांगणे कठीण, कारण इथे पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढले नाही तर यजमानाची अब्रू जाते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, आणि नेमके तेव्हा पाणी वर्षातले सर्वांत गरम असते. पाण्यावर सावली पडली की मासे वर येऊन तोंडे उघडतात. दाणे सावलीबरोबर येतात एवढे ते दोन आठवड्यांत शिकलेले असतात. काठावरून आजी म्हणते, "त्यास्ले भूक लागनी व्हई!" कळण्याच्या भाकरीचा तुकडा पडतो. त्यामागून मामी भाताची शिते टाकते, एक भाचा शेव टाकतो, त्या शेवेचे तेल पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे पसरते आणि हवेचा पाण्यात जाण्याचा रस्ता अडवते. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ दिसते. तिसऱ्या दिवशी आजीला वाटते की मासे उपाशीच गेले.

माशांना राजेशाही चारण्याची हौस नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे, आणि माशांना काय काय चारावे याचा त्यात विचार आहे. मात्र ते खाणे गळ टाकण्यापूर्वी माशांना पोसण्यासाठी होते. विनोद राजाच्या बाजूने होता.

एका खाद्याबाबत नंदुरबारकरांचा अभिमान मात्र शास्त्राला धरून आहे. शोभेच्या माशाचा लाल-केशरी रंग तो स्वतः तयार करत नाही. खाण्यातल्या रंगद्रव्यांतून तो येतो, आणि खाणे बदलले की फिका पडतो. पिकलेल्या लाल मिरचीतले कॅप्सँथिन हे त्या रंगद्रव्यांपैकी एक, आणि तिखटपणा नसलेल्या मिरचीची पूड माशांच्या दाण्यांत खरोखर घालतात. जिथे मिरचीच्या पथाऱ्यांवर हंगामात क्षितिज लाल होते त्या गावात हे कळल्यावर जे होते ते होऊ नये म्हणून स्पष्ट केलेले बरे: पाकिटातल्या दाण्यांत ती आधीच असते. वरून चिमूटभर टाकायची नाही.

आता ती तोंडाची उघडझाप. सूर्य उगवण्याच्या सुमाराला सगळे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडत असतील तर त्याला पाहुणे "पाणी पितायत", मुले "गप्पा मारतायत" आणि फिरायला निघालेले शेजारी "सूर्याला अर्घ्य देतायत" असे म्हणतात. मासे गुदमरत असतात. पाणवनस्पती आणि शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री तेच तो ओढतात. म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू चोवीस तासांतला सर्वांत कमी असतो. त्यात पाणी गरम असेल तर मुळातच कमी मावतो: वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांत साडेसात, पस्तीस अंशांत सातच्या आसपास. उलट गरम पाण्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. उन्हाळ्यातल्या तळ्याचा सगळा जमाखर्च या दोन वाक्यांत आहे. नव्या माशाला तो जास्त जाचतो, कारण प्रवासाने त्याचे कल्ले आधीच थकलेले असतात.

त्यासाठी हवेचा पंप असतो, आणि पंपासाठी वीज लागते, आणि वीज पहाटेच जाते. पाणी हलते ठेवणे एवढेच पंपाचे काम. ते तांब्यानेही होते. तांब्याने पाणी उचलून दोन फुटांवरून पुन्हा तळ्यात ओतत राहिले तर अर्ध्या तासात मासे खाली जातात. पहाटे पाच वाजता तळ्याचे पाणी तळ्यातच ओतणारा माणूस दिसला तर त्याला देवघराकडे न्यायची गरज नाही. कायमचा उपाय सावलीचा. अर्ध्या तळ्यावर हिरवी शेडनेट बांधावी, उरलेल्यात कमळाची पाने पसरू द्यावीत. जलपर्णी कोणी फुकट देत असेल तर घेऊ नये. ती फुकट का मिळते ते महिन्याभरात कळते.

आजार आलाच तर पहिले औषध मीठ. साखरेसारखे बारीक, आयोडीनचे नको. जाडे, खडे मीठ हवे. दर हजार लिटरला तीन किलो धरले तर आपल्या तळ्याला साडेबारा किलो मीठ लागते. किराणा दुकानात एवढे मीठ मागितले की दुकानदार लोणचे की लग्न असे विचारतो. ते दोन-तीन दिवसांत भाग करून, पाण्यात विरघळवून घालावे. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून नुसते पाणी आटले तर पुन्हा घालायचे नाही. बदललेल्या पाण्याच्या मापानेच घालायचे. पाणवनस्पतींना ते मानवत नाही. याउलट आळीतून येणारी औषधे बहुतेक स्वयंपाकघरातली असतात: हळद, तुरटी, कडुनिंबाचा पाला. तुरटीने पीएच झपकन उतरतो, आणि पाला जास्त झाला की किड्यांच्या आधी माशांचे हाल होतात. माशाच्या अंगावर चपटी, गोल, सरपटणारी उवेसारखी चकती दिसली तर ती खरेच माशाची ऊ असते. चिमट्याने काढता येते, पण मासा धरणारा आणि चिमटा धरणारा असे दोघे लागतात आणि दोघांचे एकमत लागते.

खरे विष मात्र दुसरीकडून येते. पपई, कापूस, मिरचीवर फवारणी करून आलेला पंप परसातल्या नळावर धुतला जातो आणि ते पाणी ओघळत तळ्याकडे जाते. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके माशांना अत्यल्प मात्रेतही मारतात. तळ्याचा काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच असावा तो मुख्यतः यासाठी.

शत्रूंची यादी लांबत नेण्यात अर्थ नाही. खंड्या तारेवर बसतो, ढोकरी कडेला पुतळा होऊन उभी राहते, दिवड रात्री येते, चतुराची पाण्यातली पिल्ले माशांची पिल्ले खातात, बोका फक्त बघतो आणि आळ त्याच्यावर येतो. पहिले आठ दिवस तळ्यावर जाळी हवीच, पण ती बाहेरच्यांपेक्षा आतल्यांसाठी. नवखा मासा रात्री उडी मारतो. पाणी काठापासून सहा इंच खाली ठेवले तर बऱ्याच उड्या आत पडतात.

डासांसाठी आरोग्य विभाग देतो ते गप्पी मासे या नियमांना फारसे जुमानत नाहीत. गढूळ पाणी, कमी प्राणवायू, दुर्लक्ष या सगळ्यांत ते वाढतात, आणि मादी अंडी न घालता थेट पिल्ले देते. त्रिनिदादच्या रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांच्यावरून त्यांचे नाव पडले. मराठीत ते इतके मुरले की मासे गप्पिष्ट असावेत असे वाटते. मोठ्या कोईबरोबर त्यांना ठेवले तर मनूच्या माशाने सांगितलेले कारण खरे ठरते. काच चाटणारा काळा 'सकर' मासाही दुकानदार स्वस्तात देतो. तो फूटभरापेक्षा मोठा होतो, आणि नको झाला म्हणून त्याला तापीत नेऊन सोडणे हा नदीवर केलेला उपकार नाही.

काही जण शोभेऐवजी रोहू-कटल्याची बोटुकली सोडतात. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशातल्या अंगुल येथे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून बीजासाठी नदीवर अवलंबून राहणे संपत गेले. उष्णतेला हे मासे गोल्डफिशपेक्षा काटक. अडचण वर्षाने येते. मासा किलोचा होतो, आणि घरात दोन पक्ष पडतात. मुलांनी त्याला नाव ठेवलेले असते. वडिलांनी मसाला ठरवलेला असतो.

कोईच्या तळ्यावरही हा प्रश्न टळत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडून, नदीचे मासे ओळखणाऱ्या घरातून आलेला पाहुणा काठावर उभा राहून शांतपणे विचारतो, "खात नाही, मग ठेवता कशाला?" मालक हसतो, पण प्रश्नाला इतिहास आहे. जपानच्या निगाता भागातले शेतकरी हिवाळ्यात खाण्यासाठीच कार्प पाळत होते. त्यांत एकोणिसाव्या शतकात रंगीत निपजले, ते त्यांनी वेगळे काढले, आणि १९१४ च्या तोक्यो प्रदर्शनात ते जगापुढे आले. कोई म्हणजे रश्श्यातून रंगामुळे सुटलेला मासा.

पावसाळ्यात पहिल्या सरीचे पत्र्यावरचे पाणी तळ्यात येऊ देऊ नये. आठ महिन्यांची धूळ त्यात असते. तळे भरून वाहील तिथे जाळी लावावी, नाहीतर मासे गटारीने गाव बघायला निघतात. थंडीत, सातपुड्यात डाब-तोरणमाळकडे दव गोठल्याच्या बातम्या येतात तेव्हा, मासे तळाशी जाऊन थांबतात आणि खाणे कमी करतात. ते रुसलेले नसतात. दाणे कमी करावेत, आणि आजीला तळ्याकडे पाठ करून बसवावे.

दीड-दोन महिने पाणी तपासून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर राहिले, मासे दिवसा मधल्या पाण्यात फिरू लागले आणि घरच्यांनी रोज सकाळी मोजणे सोडले, की मासे नवे उरत नाहीत. पुढे पिल्ले होतात आणि ती शेजाऱ्यांना वाटण्याची वेळ येते. प्लास्टिकची पिशवी नसेल तर झाकणाचा डबा चालतो: अर्धा भरलेला, सावलीत नेलेला, साबणाचा अंशही नसलेला. शेजारी डबा रिकामा परत करत नाहीत, तशी रीतच नाही. तो दुसऱ्या दिवशी शेवभाजी घेऊन येतो. पुढच्या खेपेची पिल्ले त्या डब्यातून नेऊ नयेत. कितीही घासला तरी तर्रीचे तेल कडेला राहते.